मुकी मुळी

एक

जीभकाका गेले ते बसल्या जागी. मुळ्यांच्या गोदामात, रोजच्या स्टुलावर, भिंतीला पाठ लावून. डोळे उघडे, तोंड उघडं, मांडीवर अर्धी सोललेली मुळी. गोदामाचा मालक जेवून आला, त्याने हाक मारली, परत मारली, मग खांद्याला हात लावला. काका बाजूला कलंडले. भरलेलं पोतं कलंडावं तसे.

त्यांचं खरं नाव बहुतेक त्यांनाही आठवत नसेल. सगळं गाव जीभकाकाच म्हणायचं, कारण त्यांचं काम जिभेचं होतं. जंगलातून कडुगोडीची पोती यायची. कडुगोडी म्हणजे पोटाच्या काढ्यात पडणारी मुळी, आधी कडू आणि वर पाणी प्यायलं की गोड. काका पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळातली मुळी काढायचे, दाताने तुकडा तोडायचे, चावायचे आणि शेजारच्या डब्यात थुंकायचे. मग एकच शब्द. ‘घ्या’, नाहीतर ‘फेका’. पुढे औषधाच्या कारखान्यात कुणी काही विचारायचं नाही. जीभकाका ‘घ्या’ म्हणाले ना? मग झालं.

आधी सगळे म्हणाले, हृदय बंद पडलं. वय झालं होतं. पण दवाखान्यातल्या डॉक्टरने पोट तपासलं आणि त्याचाच चेहरा उतरला. पोटात मुकी होती. दाट उकळलेली, चांगली पेलाभर.

मुकी ही कडुगोडीसारखीच दिसणारी दुसरी मुळी. तोच रंग, त्याच सुरकुत्या. वाळवून थोडी पोटात गेली तर लगेच काही दिसत नाही, पण ओली उकळून प्यायली तर माणूस संपतो. आणि चव अशी घाण की ढोरं तोंड लावत नाहीत. थेंब जिभेला लागला तरी माणूस थू थू करत पळेल.

आता सांगा. ज्या माणसाची सगळ्या मुलखात सगळ्यात तल्लख जीभ, तो हे पेलाभर प्यायला कसा?

दोन

औषध खात्याची तपासणीसबाई आली तेव्हा गोदामाच्या दारात ट्रक उभा होता. काठोकाठ भरलेला, वर ताडपत्री, दोर आवळलेले. ड्रायव्हर चाकाला टेकून दात कोरत होता.

“हा संध्याकाळी सुटणार,” फौजदार म्हणाला. “तोपर्यंत काय बघायचंय ते बघून घ्या, मॅडम. तसं काही उरलेलं नाही. सुनेचं काम आहे. घरून थर्मास भरून सूप तिनेच दिलं होतं. सासऱ्याशी घरावरून भांडण. उचलतोच तिला.”

“आणि गोदामात कुणी दिलं असेल तर?”

“तर हा ट्रक हलणार नाही आणि मालक बसेल आत. पण सूप घरचं आहे ना. गोदाम सुटलं.”

म्हणजे गोष्ट सरळ होती. सून अडकली तर ट्रक सुटला. ट्रक सुटला तर त्यातली मुळी उकळून, गाळून, बाटल्यांत भरून घरोघरी जाणार. तपासणीसबाईने ताडपत्रीकडे बघितलं. आत नुसत्या मुळ्या होत्या, पण तिला उगाचच वाटलं की आत कुणीतरी श्वास धरून बसलंय.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. आई.

“येताना काढ्याची बाटली आण गं, संपत आलीय. आणि तुझ्या वहिनीला काहीतरी सांग बाई. स्वयंपाक करते की पाणी उकळते तेच कळत नाही. ना मीठ, ना तिखट. नुसतं पाणचट.”

“आई, मी कामावर आहे. इथे माणूस मेलाय.”

“तेच म्हणते मी. एक दिवस मीही मरेन, तिच्या हातचं खाऊन.”

मागून वहिनी ओरडल्याचं ऐकू आलं, “अहो सासूबाई, कालच भाजीत वरून मीठ घेतलंत की! आम्हाला तोंडात घालवेना!” तपासणीसबाईने हसू दाबत फोन ठेवला.

त्या दिवसातलं तिचं ते शेवटचं हसू.

तीन

सून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती. रडून रडून चेहरा सुजलेला, पण आवाज ठाम.

“भांडण होतं. आहे. घर पाडून नवं बांधू म्हणत होते मी, मामंजी नको म्हणायचे. घरावरून कोण कुणाला मारतं?”

“सूप?”

“त्यातलंच मी आणि पोरींनी प्यायलं. थर्मास धुतला, हीच चूक झाली. रोज धुते, परवाही धुतला. धुवायचा नाही हे मला काय स्वप्न पडलं होतं?”

“काका जेवणात चिकित्सक होते?”

सून पहिल्यांदाच जराशी हसली. “होते म्हणजे! लग्न होऊन आले तेव्हा चिमूटभर मीठ कमी पडलं तर ताट सरकवायचे. म्हणायचे, ‘सूनबाई, मी दिवसभर कडू चावतो, घरी तरी नीट द्या.’ माझा जीव टांगणीला असायचा. पण हल्ली हल्ली माणूसच बदलला होता. गपचूप जेवायचे. एकदा मी भाजीत मीठच विसरले, तर सगळी भाजी संपवून हात धुतले. मला कळलं तेव्हा मीच लाजले. म्हटलं, चला, म्हातारपणी शहाणे झाले. मरायच्या आधी माणसं अशी गरीब होतात म्हणे.”

बाहेर फौजदाराने जीप चालू करून ठेवली होती. सुनेच्या दोन्ही मुली पडद्याआडून बघत होत्या. धाकटीने आईचा पदर मुठीत धरला होता, आणि ती मूठ शेवटपर्यंत सुटली नाही.

“मॅडम,” सून हळूच म्हणाली, “मला नेलं तर यांच्याकडे कोण बघणार?”

तपासणीसबाई गोदामाकडे वळली तेव्हा आपोआपच तिची चाल वाढली.

चार

गोदामात दिवसाही अंधार. छताला जुड्या बांधून टांगलेल्या मुळ्या, वाकड्या, केसाळ, माणसाच्या बोटांसारख्या. चालताना डोक्याला लागायच्या आणि वाटायचं, कुणी चाचपून बघतंय. काकांचं स्टूल तसंच होतं. थुंकायचा डबा तसाच.

मालक समोर उभा राहून घाम पुसत होता.

“माझं नशीबच फुटलं, मॅडम. त्यांची जीभ म्हणजे माझी पत होती. हा ट्रकही त्यांनीच पास केलाय, एकूण एक पोतं. मला विचाराल तर त्यांनी स्वतःच घेतलं. नाहीतर त्या माणसाला फसवून कोण पाजणार? कुणाची छाती आहे?”

“का घेतील स्वतः?”

“आता मनातलं कोण सांगणार?” मालकाने कानावर हात ठेवले.

मागच्या खोलीतून त्याची थोरली बहीण आली. आक्का. पांढरे केस, गोल चेहरा, हातात चहाची किटली. गोदाम भावाचं, पण चालवणारी आक्का हे कुणीही सांगेल. तिने तपासणीसबाईला बघितलं आणि पहिला प्रश्न केला, “पोरी, जेवलीस का?”

खोली लहान आणि उबदार होती. फळीवर पेले ओळीने पालथे. सगळ्यांच्या बुडाला कित्येक वर्षांचा तपकिरी थर. एक मोठा स्टीलचा मग तेवढा लख्ख, तोंड दिसावं असा.

“हा कुणाचा?”

“त्यांचाच.” आक्काने मगाकडे बघितलं नाही. “घासून ठेवला. आता कोण पिणार त्यातून? सकाळ-दुपार माझ्याच हातचा चहा घ्यायचे. मुळी चावली की थुंकायचे, पाण्याने चूळ भरली तरी थुंकायचे, चहा तेवढा गिळायचे. आणि चहालाही नावं ठेवायची! परवा सकाळी, शेवटच्या सकाळी गं, एक घोट घेतला आणि म्हणाले, ‘आक्का, साखर हात आखडून घातलीस.’ काय ती जीभ! चमचाभर साखर कमी पडली तर ज्याला कळतं, त्याला कुणी विष पाजेल?” तिने पदर डोळ्याला लावला. “जिवाला कंटाळले असतील.”

“तुम्हाला मुळ्यांतलं कळतं?”

“मला? मी चुलीपुढची बाई. खरी कुठली, मुकी कुठली, मला आजवर ओळखू येत नाही.”

तपासणीसबाई उठली. बाहेर ट्रकचा ड्रायव्हर दोर तपासत होता. तिच्या डोक्यात दोन गोष्टी एकमेकींना धक्के मारत होत्या. घरी बिनमिठाची भाजी संपवणारा म्हातारा, आणि गोदामात साखरेवरून बोलणारा म्हातारा.

माणूस एक, जिभा दोन?

पाच

कुदळ्या ट्रकच्या मागे बिडी ओढत बसला होता. जंगलातून मुळ्या खणून आणणाऱ्यांतला सगळ्यात जुना. कुदळीसारखाच वाकलेला, म्हणून कुदळ्या.

“मी मारलं असं फौजदाराला वाटत होतं आधी,” तो म्हणाला. “मग त्याला सून सापडली. अडकवायला गरीब बरे असतात, पण सुना जास्त स्वस्त.”

“तुमचं आणि काकांचं कसं होतं?”

“वाईट. मग चांगलं. पूर्वी चुकून चार मुक्या आल्या तरी चावून ओळखायचे आणि माझी पोती फेकायचे, तोंडावर फेकायचे. आई-बाप काढायचे.” त्याने बिडी विझवली. “बाई, खरं सांगू? कडुगोडी संपलीय. पूर्वी ओढ्याच्या कडेला हात घातला की निघायची. तेव्हा एक घ्यायची, म्हातारं झाड सोडायचं, त्याचं बी पडायचं. मग मागणी वाढली. म्हातारं झाडही उपटलं. मीही उपटलं, मी सोडलं असतं तर मागून येणाऱ्याने उपटलंच असतं. आता डोंगराच्या पार मागे, कड्याला लटकून दोन-चार मुळ्या मिळतात. मुकी मात्र रग्गड. तिला कुणी खणत नव्हतं ना, म्हणून उरली.”

“मग तुम्ही मुकी आणलीत.”

“पोरं घरात उपाशी. पोत्यात वरवर खरी घातली, खाली मुकी. म्हटलं, शिव्या खाऊ. काकांनी तळातली मुळी काढली, चावली, थुंकली. माझा श्वास बंद. आणि म्हणाले, ‘घ्या.’” कुदळ्याचे डोळे भरले. “माझ्यावर दया केली त्यांनी. पुढच्या वेळीही. मग काय, सगळेच तेच आणू लागले.”

तपासणीसबाईने ताडपत्रीकडे बोट केलं. “या ट्रकमध्ये किती मुकी आहे?”

कुदळ्याने ताडपत्री उचलली. हाताला येईल ती मुळी काढत गेला. “ही मुकी. ही मुकी. ही पण. ही...” त्याने वास घेतला. “मुकीच.”

“तिला मुकी का म्हणतात? वास नाही म्हणून?”

“ज्याने नाव ठेवलं त्याने चाखली असणार. मी नाही चाखत.”

तिला पुरावा हवा होता. कामाच्या पहिल्या दिवसापासून तिला शिकवलेलं की कागदावर जाऊ नका, हाताने बघा. तिने वाळलेल्या मुळीचं नखाएवढं साल काढलं आणि जिभेच्या टोकाला लावलं.

“अहो बाई! थुंका! थुंका आधी!”

ती थुंकली. आधी आग झाली, मिरचीची होते तशी. मग मुंग्या आल्या. मग काहीच नाही. जीभ तोंडात होती आणि नव्हती. दाताने चावून बघितली, तरी नाही. ओठही जड झाले. तिने “पाणी” म्हणायला तोंड उघडलं आणि भलताच आवाज आला. मुक्या माणसाचा यावा तसा.

तेव्हा तिला नावाचा अर्थ कळला. आणि नखाएवढ्या सालीने हे होत असेल, तर जो माणूस रोज, दिवसभर हेच चावत होता...

“अगंबाई, काय केलंस हे पोरी?” मागून आवाज आला. खिडकीत आक्का उभी होती. केव्हापासून, कोण जाणे. “ये, आत ये. गरम चहा घे, म्हणजे उतरेल.”

सहा

पेला हातात आला. वाफ नाकाला लागली. तिने घोट घेतला.

गरम लागलं. बस, गरमच. चहा नाही, साखर नाही, दूध नाही. कुणी गरम पाणी दिलं असतं, साबणाचं पाणी दिलं असतं, तरी हेच लागलं असतं. कुणी काहीही दिलं असतं.

घोट तिच्या तोंडात तसाच राहिला. गिळायची हिंमत होईना. समोर आक्का मायेने बघत होती, दाराशी मालक, अंगणात मागून आलेल्या फौजदाराच्या जीपचं इंजिन. जीभकाकांचा शेवटचा घोट असाच होता, तिला वाटलं. असाच गरम. असाच मुका.

तिने घोट रुमालात थुंकला. जीभ जराशी वळते का बघितलं. मग जमेल तसं, बोबडं, पण अगदी सहज म्हणाली:

“आक्का, साखर हात आखडून घातलीत.”

आक्का खळखळून हसली. “चल गं, खोटारडे! आत्ता मुकी चाखलीस ना? उद्यापर्यंत तुला साखर आणि राख सारखीच...”

ती थांबली. पण शब्द निघून गेला होता. जिभेला हाड नसतं.



“तुम्हाला तर मुळ्यांतलं काही कळत नाही, आक्का,” तपासणीसबाई म्हणाली. एकेक शब्द तोंडातून ओढून काढावा लागत होता. “मुकीने चव जाते हे तुम्हाला कुणी सांगितलं? मी नखभर चाखली तर उद्यापर्यंत साखर कळणार नाही. काका पोतीच्या पोती चावत होते. मग त्यांना परवा सकाळी तुमच्या चहातली साखर कशी कळली?”

“सोंग करत असतील,” आक्का शांतपणे म्हणाली. “जीभ गेली हे लपवत असतील. त्यावर तर त्यांची भाकरी होती.”

“असतील. पण सोंग आहे हे तुम्हाला ठाऊक होतं, तर मला ‘काय ती जीभ’ कशाला सांगितलंत? घरी ते बिनमिठाची भाजी गपचूप खात होते. सुनेला वाटलं शहाणे झाले. कुदळ्याच्या मुकीला ‘घ्या’ म्हणत होते. त्याला वाटलं दया केली. दोघांनी बघितलं, पण अर्थ कुणालाच लागला नाही. तो फक्त तुम्हाला लागला. म्हणून त्यांची जीभ शेवटपर्यंत शाबूत होती असं मला सांगायची गरजही तुम्हालाच. या बाकीच्या पेल्यांना कित्येक वर्षांचा थर आहे, आक्का. एकच मग तुम्ही घासलात. आणि काका दिवसभर सगळं थुंकायचे. गिळायचे ते फक्त तुमच्या हातचं.”

“आक्का?” मालकाचा आवाज लहान मुलाचा झाला होता. “आक्का, काहीतरी बोल ना.”

आक्काने तपासणीसबाईच्या हातातला पेला काढून घेतला. तोंडाला लावला. तपासणीसबाई ओरडली, पण आवाज निघाला नाही. आक्काने चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, पेला पालथा घातला.

“नुसता चहा होता गं. वाया घालवलास.” ती पाटावर बसली. “खूप आधी एकदा साखरेऐवजी मीठ पडलं माझ्याकडून. ते सगळा पिऊन गेले आणि म्हणाले, ‘छान.’ तेव्हाच कळलं मला. मी कुणाला बोलले नाही. त्यांची अब्रू झाकली. ते दर पोत्याला ‘घ्या’ म्हणत राहिले, कारण ‘फेका’ म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. पण मग एका घरात काढ्याने कुणीतरी दगावलं असं त्यांच्या कानावर आलं. झोप उडाली. परवा सकाळी मला म्हणाले, ‘आक्का, माझी जीभ मेलीय. आज ट्रक भरला की सगळ्यांना सांगतो.’”

“मग सांगू द्यायचं होतं!” मालक ओरडला.

“आणि तू आत गेला असतास. आईने मरताना तुझा हात माझ्या हातात दिला होता.” आक्काने भावाकडे बघितलंही नाही. ती तपासणीसबाईशीच बोलत होती, एखाद्या बाईने दुसरीला कृती सांगावी तशी. “ओली मुकी दाट उकळली, त्यात चहापत्ती घातली. त्यांना काही कळलं नाही गं. मी समोर बसले होते ना. अख्खा मग रिकामा केला आणि म्हणाले, ‘आज गरम छान आहे.’”

सात

जीप आक्काला घेऊन गेली. सुनेच्या दारात धाकटीने अजून पदर सोडला नव्हता. ट्रकचे दोर सोडले, पोती खाली उतरू लागली. कुदळ्या प्रत्येक पोत्यात हात घालून बघत होता आणि मान हलवत होता. मुकी. मुकी. मुकी.

“हा थांबला, ते बरं झालं, बाई,” तो म्हणाला. “याच्या आधीचे थांबले असते तर.”

“आधीचे?”

“दर हंगामाला जातात की. काकांनी माझं पहिलं पोतं घेतलं तेव्हापासून.”

तपासणीसबाई उभीच राहिली. जिभेला आता जरा मुंग्या येत होत्या, कुठूनतरी लांबून परत येत असल्यासारख्या. आणि त्या मुंग्यांबरोबर सकाळचं एक वाक्य परत आलं. ना मीठ, ना तिखट. नुसतं पाणचट. आणि मागून वहिनी: वरून मीठ घेतलंत, आम्हाला तोंडात घालवेना.

तिने फोन लावला. दोनदा चुकीचा लागला.

“आई. आई, ऐक. काढा घेऊ नकोस. बाटली तशीच ठेव.”

“काय बोबडं बोलतेस गं? दारू प्यायलीस की काय?”

“आई, काढा!”

“अगं, घेतला की आत्ताच. शेवटचा होता, निथळून घेतला.” पलीकडे आईने समाधानाने सुस्कारा सोडला. “आणि तुला सांगायचंच राहिलं. आधी कसा मेला कडूजहर लागायचा! हल्ली बाई अगदी पाण्यासारखा जातो. औषध सुधारलंय हं त्यांचं.”